नादाचा प्रवास : तारेपासून कानापर्यंत



पदार्थविज्ञानातील विषय म्हटला की फळा, खडू आणि समीकरणे डोळ्यांपुढे येतात आणि पुष्कळांना धास्ती वाटते. आज ती धास्ती नको. ज्या गावात तंबोरे तयार होतात, आणि ज्या गावात चार जिल्ह्यांचे रोगी छाती तपासून घ्यावयास येतात, त्या गावाला नादाचे शास्त्र परके नाही. मिरजेतील कारागीर ते हातांनी जाणतात आणि डॉक्टर ते कानांनी जाणतात. आम्ही आज फक्त त्या दोघांच्या ज्ञानाची एकमेकांशी ओळख करून देणार आहोत.

आमचा मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. नादाला प्रवास करणे फारसे जड जात नाही. त्याला जड जाते ते एका माध्यमातून निघून दुसऱ्या माध्यमात शिरणे. दोन माध्यमांच्या मधल्या ह्या उंबरठ्यावर काय घडते, हे एकदा ध्यानात आले म्हणजे तंबोऱ्याची घोडी, वैद्याची नळी आणि आपला कान ही तिन्ही एकाच सूत्रात ओवली जातात.

प्रथम, प्रवास करते ते काय? कोणी बोलले की त्याच्या तोंडातील हवा आपल्या कानापर्यंत येते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे असते तर समोरच्याने काय खाल्ले आहे हे त्याचे बोलणे ऐकण्याबरोबरच कळले असते! आपल्या मिरज जंक्शनवर मालगाडीची जुळवाजुळव ज्यांनी पाहिली आहे त्यांना खरा प्रकार चटकन उमजेल. उभ्या डब्यांच्या रांगेला इंजिन एका टोकाला धक्का देते. पहिला डबा दुसऱ्यावर आदळतो, दुसरा तिसऱ्यावर, आणि खडखडाट करीत तो धक्का क्षणार्धात शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचतो. प्रत्येक डबा मात्र जेमतेम हातभर सरकलेला असतो. धक्का गेला, डबे जागच्या जागी राहिले. हवेचे कण म्हणजे असेच डबे होत. तार कंप पावली की शेजारची हवा क्षणभर दाटते, लगेच विरळ होते. ही दाट-विरळ स्थिती एका थराकडून पुढच्या थराकडे सोपविली जाते. ह्या सोपवासोपवीलाच आपण ध्वनितरंग म्हणतो.

ही हालचाल किती सूक्ष्म असते पाहा. आपण समोरासमोर बसून साधे बोलतो तेव्हा हवेचा दाब पन्नास लाखांत एका भागाने कमीजास्त होतो, आणि हवेचे कण मिलिमीटरच्या सुमारे एक लक्षांश भागाइतके पुढेमागे होतात. एवढ्याशा हालचालीवर आपले सारे बोलणे, भांडणे आणि गाणे चालते.

आपल्याकडील शास्त्रकारांनीही ह्या प्रश्नाचा विचार केला होता. नैयायिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला, आणि तो कानापर्यंत कसा येतो हे सांगण्यासाठी दोन दृष्टांत योजले. पाण्यात एका लाटेतून दुसरी लाट उठत जावी, हा वीचीतरंगन्याय. आणि कदंबाच्या फुलाचे केसर जसे एकाच गोलातून सर्व दिशांना फुटतात तसा शब्द सर्व बाजूंना पसरतो, हा कदंबमुकुलन्याय. मीमांसकांनी ध्वनीच्या वहनाचे काम वायूकडे दिले. शबरस्वामींच्या भाष्यात आघात झालेला वायू स्थिर वायूवर आदळतो आणि संयोग-विभाग सर्व दिशांना पसरत जातात, असे प्रतिपादन आहे. यावरून आधुनिक विज्ञान आपल्या पूर्वजांना अवगतच होते, असा निष्कर्ष मात्र आम्ही काढणार नाही. त्यांनी प्रश्न नेमका विचारला होता, आणि दृष्टांत चपखल निवडले होते, एवढेच श्रेय पुष्कळ आहे. मोजमाप व प्रयोग पुढे व्हावयाचे होते.

तो प्रयोग १६६० साली रॉबर्ट बॉइल यांनी प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात त्यांनी दोऱ्याने घड्याळ टांगले आणि पंपाने भांड्यातील हवा काढून घेतली. हवा विरळ होत गेली तसतशी टिकटिक मंद होत गेली. घड्याळ दोऱ्यानेच का टांगले, हेही लक्षात घ्या. ते भांड्याच्या तळाशी ठेवले असते तर काचेच्या वाटेने नाद बाहेर निसटला असता. वाहून नेणारे कोणी असेल तरच नाद जातो. चंद्रावर वातावरण नाही. तेथे शेजारी तोफ उडाली तरी हवेवाटे काही ऐकू येणार नाही.

मग वेगाचा प्रश्न आला. १६८७ च्या आपल्या ग्रंथात न्यूटन यांनी हवेतील ध्वनीचा वेग गणिताने काढला, पण तो प्रत्यक्षाहून सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी आला. चूक कोठे होती ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लाप्लास यांनी दाखविले. हवा दाबली की ती किंचित तापते. सायकलीत हवा भरताना पंप गरम लागतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. तापलेली हवा अधिक जोराने उलट रेटा देते आणि तरंग अधिक वेगाने जातो. शून्य अंशाच्या हवेत हा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. मिरजेच्या वैशाखात पारा ४० वर गेला म्हणजे तो ३५५ च्या घरात जातो. उकाड्यातील मैफलीत बासरी चढू लागते ती यामुळेच; आणि तंबोऱ्याची तार तापून लांबते, सैल होते व उतरते. वादक कान टवकारून पुन्हा पुन्हा खुंटीला हात घालतो, तो निसर्गाने दोन दिशांना ओढलेले दोन स्वर एकत्र आणण्यासाठी.

आता हवेखेरीज इतर माध्यमे घेऊ. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो, लाकडाच्या रेषेच्या दिशेने चार हजारांच्या आसपास, आणि पोलादात पाच हजारांच्या आसपास. पदार्थ जितका ताठर, म्हणजे दबल्यावर जितक्या जोराने पूर्ववत होऊ पाहणारा, तितका वेग अधिक; आणि जितका जड तितका कमी, असा सामान्य हिशेब आहे. पाच किलोमीटरवर रुळावर घण बसला तर त्याचा आवाज रुळातून साधारण एका सेकंदात येईल आणि हवेतून यावयास पंधरा सेकंद लागतील. (येथे बसलेल्या बालमित्रांनी हा प्रयोग रुळाला कान लावून करावयाचा नाही, हे बजावून ठेवतो.)

वेग बदलतो, पण एक गोष्ट बदलत नाही, आणि गाणाऱ्यांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. समजा, तंबोऱ्याची जोडाची तार सेकंदाला १४० वेळा कंप पावते आणि तिची बोलणारी लांबी एक मीटर आहे. त्या तारेवरून तरंग सेकंदाला २८० मीटर वेगाने धावतो. तो लाकडात गेला की हजारो मीटर वेगाने पळतो. हवेत आला की पुन्हा साडेतीनशेच्या आसपास येतो. वेग बदलला, तरंगाची लांबीही बदलली. १४० ही संख्या मात्र तारेत तीच, लाकडात तीच, हवेत तीच आणि श्रोत्याच्या कानात तीच. धक्के देणारा सेकंदाला १४० धक्के देत असेल तर घेणाऱ्यालाही तितकेच मिळणार. म्हणून षड्ज वाटेत कितीही माध्यमे ओलांडो, तो षड्जच राहतो. जग बेसुरे न होण्याचे कारण हे एवढे साधे आहे.

येथवर नादाचा मोकळा रस्ता झाला. आता उंबरठा.

कृष्णाघाटावर पोहावयास जाणाऱ्यांनी एक गोष्ट अनुभवली असेल. पाण्याखाली बुडी मारली की काठावरच्या मित्रांच्या हाका एकदम बुजून जातात. पण पाण्याखालीच कोणी दोन दगड एकमेकांवर आपटले तर तो आवाज कानाशीच झाल्यासारखा खणखणीत येतो. पाणी ध्वनीला अडवीत नाही. ते हवेपेक्षा चौपट वेगाने त्याला नेते. मग हाका गेल्या कोठे? त्या पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरल्या. हवा हलकी व लवचिक, पाणी जड व ताठर. हवेने दिलेला रेटा पाणी जवळजवळ मनावरच घेत नाही. हवेतून येणाऱ्या ध्वनिशक्तीपैकी हजारात एक भाग पाण्यात शिरतो, बाकीची परत जाते. देणारा आणि घेणारा यांचा स्वभाव जितका वेगळा तितका उंबरठा उंच, असा हा नियम आहे.

जे आत शिरत नाही ते परत येते, आणि त्यालाच आपण प्रतिध्वनी म्हणतो. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवून तिच्या अनेक टाळ्या झालेल्या आपणांपैकी पुष्कळांनी ऐकल्या असतील. दगडी भिंतीने हवेतील नाद आत घेतला नाही, हाच त्या चमत्काराचा अर्थ.

हाच नियम तंबोऱ्याला लावू. एखादी तार नुसती दोन खिळ्यांमध्ये भिंतीवर ताणून छेडली तर शेजारच्यालाही जेमतेम ऐकू येते. तार कंप पावत नाही असे नाही. पण ती इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही अंगांनी वळसा घालून निघून जाते. खळ्यावर धान्य वारवताना कोणी काठी हलवून वारा घालीत नाही, सूप घेतो. काठीने हवा कापली जाते, सुपाने ती ढकलली जाते. तंबोऱ्याला असे सूप हवे असते, आणि ते म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसविलेली पातळ लाकडी तबली. तारेचा कंप घोडीवाटे तबलीला मिळतो, तबली मोठ्या क्षेत्राने हवा ढकलते, आणि भोपळ्यातील कोंडलेली हवा तिला साथ देते. तारेत एका वेळी जी शक्ती साठलेली असते तीच हळूहळू बाहेर पडते. तबली नवी शक्ती निर्माण करीत नाही. तबली फार जाड राहिली तर ती हलत नाही आणि नाद मुका होतो. फार पातळ झाली तर ती तारेची शक्ती भराभर उधळते, नाद टिकत नाही, शिवाय तारांच्या ताणाखाली ती खचते. ह्या दोहोंमधली जाडी कोणती, हे पुस्तकात लिहिलेले नसते. कारागीर तबली तासतो, बोटाने ठोकतो, ऐकतो, पुन्हा तासतो.

ही विद्या मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजली. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, हत्यारांना धार व लकाकी देणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी वाद्ये दुरुस्त करता करता ती घडविण्याचा धंदा सुरू केला, अशी परंपरा आहे. पुढे त्या घराण्यांचे आडनावच सतारमेकर पडले. पंढरपूर भागातील कडू भोपळे आणि तुणीचे लाकूड येथे येऊन गाऊ लागले. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गवयांनी ते त्यापूर्वीच पिढ्यान्पिढ्या दिलेले होते.

घोडीची गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे. पाश्चात्त्य व्हायोलिनची तार घोडीच्या निमुळत्या धारेवर टेकते. आपल्या तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिच्या पाठीला डोळ्याला न दिसेलसा उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि उचलली जाते. तारेखाली सुताचा धागा सरकवून हे टेकणे नेमके केले जाते. हीच जवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना नोबेल पारितोषिक १९३० साली मिळाले ते प्रकाशावरील कामाबद्दल. पण त्याआधी, १९२१ मध्ये, त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा स्तब्ध भाग येतो ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत, असा युरोपात मानलेला नियम होता. तंबोऱ्यात व वीणेत ते ठणठणीत ऐकू येतात, हे रामन यांनी दाखविले आणि त्याचे कारण घोडीच्या ह्या रुंद पाठीत शोधले. खर्जाच्या तारेतून कोणी न लावलेला गंधार उमटतो आणि आपण त्याला स्वयंभू म्हणतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर होय. जवारीने त्याला उंबरठ्यापाशी आणून सोडलेले असते.

आपल्या परिसरात हा अभ्यास नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला. तारेच्या लांबीवरून स्वर मोजण्याच्या त्यांच्या खटाटोपाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले होते. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले आणि ह्याच गावी मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. जवारीच्या बाबतीत त्यांचा कान किती चोखंदळ होता, हे मिरजेला सांगावयास नको.

तबलीवरून निघालेला नाद हवेतून कानात येतो, आणि तेथे त्याच्यापुढे पुन्हा तोच उंबरठा असतो. आतला कान द्रवाने भरलेला आहे. बाहेर हवा, आत पाणी, कृष्णाघाटावरचीच अडचण! निसर्गाने त्यावर तीन इवल्या हाडांची योजना केली आहे. कानाच्या पडद्यावरचा रेटा ती हाडे त्याच्या सुमारे सतराव्या हिश्शाएवढ्या लहान खिडकीवर एकवटतात. तरफेचाही थोडा लाभ मिळतो, आणि दाब सुमारे वीसपट होतो. तंबोऱ्यात बारीक तारेकडून रुंद तबलीकडे नाद जातो, कानात रुंद पडद्याकडून बारीक खिडकीकडे. म्हणजे सतारमेकराने जे बाहेर केले तेच निसर्गाने आत उलट बाजूने केले आहे.

आता गावाच्या दुसऱ्या विद्येकडे वळू. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उघडले आणि मिरजेचे नाव वैद्यकासाठी दूरवर गेले. छाती ठोकून पाहण्याची रीत त्याच्याही आधीची. ती १७६१ मध्ये ऑस्ट्रियातील आउएनब्रुगर यांनी प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खानावळवाले होते, आणि पिंपात मद्य कोठवर आहे हे ठोकून ओळखण्याची युक्ती मुलाने तेथे पाहिली होती, असे सांगतात. कारागीर भोपळा ठोकतो आणि डॉक्टर छाती ठोकतो, दोघांचा प्रश्न एकच : आत हवा आहे की आणखी काही? हवेने भरलेले फुप्फुस घुमते, पाणी साचले की आवाज बद्द होतो. १८१६ मध्ये फ्रान्समधील लेनेक यांनी कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीला लावली आणि श्रवणनलिकेचा जन्म झाला. न्यूमोनियाने फुप्फुसाचा भाग घट्ट झाला की तेथून श्वासाचा आणि बोलण्याचा आवाज कमी येण्याऐवजी उलट अधिक स्पष्ट येतो. निरोगी फुप्फुसात हवेचे आणि मांसाचे असंख्य बारीक उंबरठे असतात; ते बुजले की आवाजाला सरळ वाट मिळते. रोगाची खूण अशी माध्यमाच्या बदलातून कळते.

सोनोग्राफीच्या टेबलावर निजलेल्या पुष्कळांना प्रश्न पडला असेल की, पोटावर हे थंड बुळबुळीत मलम कशासाठी? त्या यंत्राचा नाद सेकंदाला वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपांचा असतो; आपल्या कानाची मर्यादा वीस हजारांची. तो नाद शरीरातून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, आतल्या प्रत्येक उंबरठ्यावरून थोडा थोडा परत येतो, आणि त्या प्रतिध्वनींचे चित्र तयार होते. पण यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा कागदाइतका पातळ थर राहिला तरी जवळजवळ सगळा नाद तेथूनच मागे फिरेल. मलम ती हवा हटविते. तंबोऱ्याला घोडी तसे ह्या यंत्राला मलम.

श्रोतेहो, आतापर्यंत आम्ही नादाला उंबरठा ओलांडावयास मदत करणाऱ्यांची थोरवी सांगितली. आता थोडे त्या माध्यमाविषयी, जे आपणां सर्वांचे सामाईक आहे. हवा निवड करीत नाही. ती खर्ज नेते तशी कर्णाही नेते. भोपळा आणि तबली यांना तारेत आहे तेवढीच शक्ती वापरता येते. विजेच्या ध्वनिवर्धकाला ती मर्यादा नाही. डेसिबलमध्ये दर दहाने शक्ती दसपट होते, हे आपण विसरतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या कर्ण्यांपाशी आकडा १०५ झाला, तर ती मर्यादा दुप्पट ओलांडली असे कोणी समजू नये. ती एक लाख पटीने ओलांडली. त्याच नियमांत रुग्णालयाभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरविता येते. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० ही सीमा आहे. जेथे गल्लोगल्ली रुग्णालये आहेत अशा गावाला त्या शंभर मीटरांचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

कानातील ज्या केशपेशी नादाचे संवेदनेत रूपांतर करतात त्या एका कानात सुमारे पंधरा हजार असतात, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जवारी लावणाऱ्याचे खरे हत्यार कानस नसून कान आहे. घोडीच्या पाठीवरून कानस एकदा फिरवावयाची आणि दहा वेळा ऐकावयाचे, असे ते काम आहे. आज तंबोऱ्याचा सूर खिशातील यंत्रातूनही निघतो, आणि रियाजाला तो उपयोगीही पडतो. पण त्या यंत्रात साठविलेला सूर कोणा एका खऱ्या तंबोऱ्याचाच नमुना असतो, आणि तो तंबोरा कोणीतरी शांत खोलीत बसून बोलता केलेला असतो. तसे बसणारे हात कमी होत गेले, आणि बसणाऱ्याला शांत खोली मिळेनाशी झाली, तर मानांकनाचा कागद राहील आणि मान देण्याजोगा नाद राहणार नाही.

म्हणून ह्या गावाकडे आमची मागणी मोठी नाही. उत्सव व्हावेत, वाद्ये वाजावीत, गाणे तर रात्रभर चालावे. फक्त कर्ण्याची कळ फिरविण्यापूर्वी एवढे आठवावे की, ह्याच हवेच्या पलीकडच्या टोकाला कोणी घोडीवर वाकून ऐकतो आहे, आणि कोणी रोग्याच्या छातीला नळी लावून ऐकतो आहे. दोघांनाही मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाची हालचाल ऐकावयाची आहे.